मुरमाचा रस्ता, सत्तरचा वेग आणि ऑफ-रोड टायर: एमटी का तरंगतो?

मुरूमवाट (धागाकर्ता)

"एमटी टाकले, आता कच्च्या रस्त्याला गाडी गोचिडासारखी चिकटेल" हे वाक्य इतक्या धाग्यांवर वाचलं की वेगळा धागाच काढतोय. एमटी म्हणजे मड-टेरेन, मोठ्या ठोकळ्यांचा चिखलाचा टायर; एटी म्हणजे ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांचा. ओढ्यातून, दगडांवरून पंधराच्या वेगाने गाडी काढणं हा एक प्रकार. पाटाच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्यावर साठ-सत्तरने जाणं हा पूर्ण वेगळा. इथे फक्त दुसऱ्याबद्दल बोलू. गाड्या थार, जिम्नी, स्कॉर्पिओ, गुरखा अशा धरा. बाइकवाल्यांनी वेगळा धागा काढावा, त्यांचं गणित निराळं.

आधी रस्ता. आपल्याकडचा वापरातला मुरमाचा रस्ता म्हणजे खाली दबून, उन्हात भाजून टणक झालेला थर आणि वर सुटी रेव. चाकोरीत रेव जवळजवळ नसते. ती सगळी दोन चाकोऱ्यांच्या मध्ये आणि कडेला जमते, दोन-तीन इंच. पकड मिळते ती खालच्या टणक थरातून. वरची रेव म्हणजे फरशीवर सांडलेले हरभरे. वेगात टायरला दोन कामं करायची असतात: रेव बाजूला सारून खाली पोचायचं, आणि पोचल्यावर टणक थराला जास्तीत जास्त रबर टेकवायचं.

एमटी पहिलं काम बरं करतो, दुसऱ्यात मार खातो. नव्या एमटीची नक्षी १४-१५ मिमी खोल, एटीची साधारण १० ते १३, साध्या हायवे टायरची ८-९. उंच, सुटे ठोकळे टणक जमिनीवर आडव्या जोराने वाकतात. स्टिअरिंग वळवलं की आधी ठोकळे वाकतात, मग गाडी वळते. हा जो क्षणभराचा उशीर आहे, त्यालाच लोक "तरंगतेय" म्हणतात. शिवाय ठोकळ्यांमध्ये फटी मोठ्या, म्हणजे प्रत्यक्ष टेकलेलं रबर कमी. एटीत ठोकळे लहान आणि जवळजवळ, वर बारीक चिरा. प्रत्येक चिरेची कड जमिनीला धरते. कोरड्या, टणक मुरमावर वेगात एटीच सरस, असं माझं स्पष्ट मत. ज्यांना पटत नाही त्यांनी या.

गट्टू_टायर

आलो. टणक थरापुरतं मान्य. पण वळणावर चाकोरी सोडून मधल्या रेवेत चाक गेलं की एटी वरच्यावर घसरतो आणि एमटी रुततो, म्हणजेच धरतो. खोल रेवेत मोठ्या फटींचा फायदा आहेच. दुसरं, तुम्ही नव्या एमटीबद्दल बोलताय. तोच टायर निम्मा झिजला, नक्षी ७-८ मिमी राहिली, की ठोकळे बुटके होतात, वाकत नाहीत आणि मुरमावर स्टिअरिंग बरंच नेमकं होतं. अर्थात तोवर चिखलातली त्याची अर्धी ताकद गेलेली असते.

मुरूमवाट

निम्म्या झिजलेल्या एमटीबद्दल शंभर टक्के सहमत. पण तेवढ्यासाठी नवा एमटी घेऊन वीस हजार किमी वाट बघणं म्हणजे लोणच्यासाठी आंब्याचं झाड लावणं.

हवा_सव्वीस

नक्षीवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि हवेबद्दल कोणी विचारत नाही. वेगातल्या मुरमावर हवा हा पहिला प्रश्न, नक्षी दुसरा.

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर कंपनीची हवा दिलेली असते. टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना, ती मोजायची. मुरमासाठी त्यातून १५ ते २० टक्के काढा. स्टिकरवर ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असेल तर २६-२७. याने टायरचा टेकणारा पट्टा मुख्यतः लांबीत वाढतो. रुंदीत फारसा नाही; रुंदीत वाढतो हा गैरसमज सार्वत्रिक आहे. लांब पट्टा म्हणजे एकामागोमाग जास्त ठोकळे जमिनीवर. दगडाची धार लागली तर टायर तिच्याभोवती दबतो, कापला जायची शक्यता घटते.

मी वापरतो ते ढोबळ कोष्टक, ३२ची गाडी धरून:
- २६-२७: मुरूम, वेग ८०च्या आत
- २२ ते २४: खडबडीत खडी, पन्हाळी (आडव्या लाटा उठलेला) रस्ता, ५०-६०च्या आत
- १८ ते २०: फुफाटा, दगडगोटे, ४०च्या आत
- १५-१६: फक्त वाळू, २०-३०, तीव्र वळण नाही

शेवटच्या दोन ओळींतली हवा ठेवून सत्तरने जाल तर टायरची बाजू सतत दुमडून तापते. आतले थर सुटायला लागतात, बाहेरून काही दिसत नाही. आडव्या झटक्यात टायर रिमवरून उतरतो ते वेगळंच. डांबर लागलं की हवा भरा, "पुढच्या गावात बघू" नको.

मीटर स्वतःचा ठेवा. पेट्रोल पंपावरचा मीटर दोन-तीन पीएसआय इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं आहे, आणि इथे आपला सगळा खेळ पाच-सहा पीएसआयचा.

पर्थकर

ऑस्ट्रेलियात कच्च्या रस्त्यांवर 'चार पीएसआयचा नियम' सर्रास वापरतात. थंड टायरला ठरवलेली हवा ठेवायची, अर्धा-पाऊण तास नेहमीच्या वेगाने चालवायचं, थांबून लगेच मोजायचं. हवा चारच्या आसपास वाढली तर निवड बरोबर. चारपेक्षा बरीच जास्त वाढली तर सुरुवातीची हवा कमी होती, टायर दुमडून तापतोय. चारपेक्षा बरीच कमी वाढली तर हवा जास्त होती. जाड एलटी (लाइट ट्रक, जड भाराच्या) टायरला चारऐवजी सहा धरतात.

मोजताना फुगलेली हवा काढून टाकायची नाही. नवशिके इथेच चुकतात: गरम टायरला ३० दिसलं म्हणून २६वर आणायचं, मग टायर आणखी दुमडतो, आणखी तापतो.

शंकासुर

पर्थकर, नियम छान, पण मराठवाड्यात हिवाळ्यात पहाटे १२ अंश आणि दुपारी ३२. नुसत्या उन्हाने किती वाढेल?

पर्थकर

रास्त शंका. २६ गेज म्हणजे वातावरणाचा दाब धरून साधारण ४०.७. तापमान २८५ केल्विनवरून ३०५वर गेलं तर दाब त्याच प्रमाणात वाढतो: ४०.७ × २० ÷ २८५ = जवळजवळ २.९ पीएसआय. म्हणजे झाडाखाली उभ्या गाडीतही चारपैकी तीन भरले! म्हणून चाचणी पहाटेच्या थंड मापावरून दुपारी करायची नाही. निघताना मोजा, तासाभराच्या आत पुन्हा मोजा. आणि उन्हाच्या बाजूची दोन चाकं नेहमी एक-दोनने जास्त दाखवतात. निघतानाचं माप सावलीत घ्या.

नट_बोल्ट

हवेवरूनच एक महत्त्वाचा मुद्दा, जो दुकानात कोणी सांगत नाही. टायरवर मापाच्या आधी 'पी' (पॅसेंजर, साधा) किंवा काहीच नाही, की 'एलटी', ते बघा. मापात पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, 'आर'नंतरचा रिम इंचांत. 'पी' २४५/७५ आर१६चा भारांक साधारण १०९, म्हणजे १०३० किलो, आणि तो ३५ पीएसआयलाच मिळतो. त्याच मापाच्या दहा प्लाय दर्जाच्या (म्हणजे जास्त मजबूत बांधणीच्या) एलटीचा भारांक १२०, म्हणजे १४०० किलो, पण ८० पीएसआयला! ३५ हवेवर एलटी टायर 'पी'पेक्षा कमी भार पेलतो. म्हणून साध्यावरून एलटीवर गेलात की स्टिकरची हवा जशीच्या तशी चालत नाही, काही पीएसआय वर जावं लागतं. टायर कंपनीचा भार-हवा तक्ता मागून घ्या. कमी करायची ती त्या नव्या आकड्यातून.

गंमत अशी की एलटीची बाजू इतकी ताठ असते की हवा २० असली तरी टायर डोळ्याला बसलेला दिसत नाही. मागे पाच माणसांचं सामान, छतावर कॅरिअर, हवा २२ आणि वेग ८०: एलटी मजबूत असूनही फुटायची ही ठरलेली रेसिपी.

वजनाचंही तेच. जाड एमटी मूळ टायरपेक्षा चाकामागे कित्येक किलो जड भरतो. हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं. वेगात चाक उंचवट्यावरून वर गेलं की खाली यायला वेळ लावतं, तेवढा वेळ ते हवेत. हवेतल्या चाकाला नक्षी कितीही भारी असली तरी पकड शून्य.

जांभा

कोकणाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. जांभ्याच्या रस्त्यावर सुटे होतात ते गोल, कडक, लालसर खडे. मुरमाची रेव चपटी-कोनेरी असते, दाबली की थोडी बसते. जांभ्याचे गोल खडे बसत नाहीत, गोट्यांसारखे फिरतात. वर उतार आणि वळणं. तिथे सत्तर विसरा, कुठलाच टायर वाचवत नाही. एटी, २६ हवा आणि चाळीस.

पर्थकर

जांभा, पर्थच्या आसपासच्या टेकड्यांत अगदी हेच आहे. तिथली 'पी ग्रॅव्हल', म्हणजे वाटाण्याएवढी खडी, जांभ्याचीच बहीण. भाड्याने गाडी घेऊन आलेले पाहुणे पहिल्या वळणावर झाडीत जातात ते हिच्यामुळे. तिथला उपाय म्हणजे वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर सगळं ब्रेकिंग उरकायचं, वळणात ब्रेक नाही, अॅक्सिलरेटर हलका आणि स्थिर.

चाकोरीबाहेर

रुंदीवर कोणी बोला. थारला २६५-२८५ मिमी रुंद टायर टाकायची साथ आली आहे.

मुरूमवाट

बोलतो. जास्त रुंद म्हणजे जास्त पकड हे डांबरावर बहुतांशी चालतं. सुट्या रेवेवर उलट. रुंद टायर त्याच वजनाला जास्त जागेवर पसरतो, रेवेवर तरंगतो, टणक थरापर्यंत पोचत नाही. अरुंद टायर सुरीसारखा खाली जातो. जागतिक रॅलीत हेच दिसतं: खडीच्या टप्प्यांना २०५/६५ आर१५, डांबराला २३५/४० आर१८. पैशाला कमी नसलेली, दहा-दहा इंजिनिअर बाळगणारी मंडळी खडीवर जाणूनबुजून ३० मिमी अरुंद टायर घालतात. आपल्याकडे जिम्नीचा मूळ १९५/८० आर१५ लोक 'काडीसारखा' म्हणून बदलतात. मुरमावर तो गाडीच्या वजनाला अगदी योग्य आहे.

रिमचंही बघा. २५५/६५ आर१८ची बाजू १६६ मिमी उंच, २४५/७५ आर१६ची १८४. बाहेरचा व्यास ७८९ आणि ७७४ मिमी, फरक दोन टक्क्यांच्या आत. म्हणजे जवळजवळ तेवढंच चाक, पण १६ इंची रिमला हवा कमी करायला १८ मिमी जास्त गादी. कच्च्यावर सतत जाणाऱ्याने दिसण्यासाठी मोठा रिम घेऊ नये. फक्त ब्रेक कॅलिपर बसतो का, हे आधी बघायचं.

गट्टू_टायर

+१. आणि रुंद टायर पूर्ण वळणात आतल्या प्लास्टिकला घासतो ते वेगळंच.

नट_बोल्ट

थांबायच्या अंतराचं गणित मांडून ठेवतो, टायर कुठलाही असो. कोरड्या डांबरावर घर्षण ०.७५ धरा, सुट्या रेवेवर ०.४. ताशी ६० वेगाला नुसतं ब्रेकिंगचं अंतर डांबरावर १९ मीटर, रेवेवर ३५. ताशी ८०ला रेवेवर ६३. त्यात प्रतिक्रियेचा एक सेकंद म्हणजे आणखी २२ मीटर. एकूण ८५. धुरळ्यात पुढचं ५० मीटरसुद्धा दिसत नसेल तर ८०ने जाण्याचा प्रश्नच येत नाही. चांगला टायर ०.४चा ०.४५ करेल. ०.७५ करणार नाही.

एबीएसचं म्हणाल तर सुट्या रेवेवर त्याने अंतर थोडं वाढतं. लॉक झालेलं चाक पुढे रेवेचा ढीग जमवतं आणि त्याला अडतं, एबीएस तो ढीग जमूच देत नाही. पण लॉक झालेल्या पुढच्या चाकांनी वळता येत नाही. फ्यूज काढून एबीएस बंद करायचे सल्ले व्हिडिओत फिरतात, त्यांना थारा देऊ नका.

शंकासुर

फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाचा गिअर) लावून चालवलं तर?

नट_बोल्ट

थारसारख्या पार्ट-टाइम (एरवी दोन चाकांवर, हवं तेव्हाच चार चाकांवर चालणाऱ्या) गाडीत सुट्या मुरमावर फोर-हाय जरूर लावा. टू-हायमध्ये चढावर किंवा वळणातून निघताना मागची दोनच चाकं रेव उडवतात आणि शेपूट बाहेर येतं. फोर-हायमध्ये तोच जोर चार चाकांत वाटला जातो. पण मधला डिफरन्शियल नसल्याने पुढचा-मागचा आस एकाच वेगाने फिरतो. रेवेवर चाक थोडं घसरून तो ताण सोडतं, डांबरावर सोडू शकत नाही. डांबर लागलं की टू-हाय. आणि फोर-हायने ब्रेक सुधारत नाहीत, हे कोरून ठेवा.

त्याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे, सारख्या झिजेचे. मागे एमटी, पुढे जुने एटी असली खिचडी वेगात वाईट. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे. पुढचं सुटलं तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की परत येते. मागचं सुटलं तर फिरते.

फुफाटा

पन्हाळी रस्त्यावर, म्हणजे पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठलेल्या रस्त्यावर, "८०ने गेलं की हादरे बंद होतात" हे खरं का?

पर्थकर

हादरे कमी होतात, खरं आहे. पण का, ते समजून घ्या. त्या वेगाला चाक लाटेच्या माथ्यावरून माथ्यावर जातं, खोलगट भागात उतरतच नाही. म्हणजे बराच वेळ टायर टेकलेलाच नाही. सरळ रस्त्यावर आराम, वळणावर किंवा ब्रेकला ठणठणाट. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातल्या ६६० किमीच्या गिब रिव्हर रोडवर याच लाटांनी शॉक अॅब्सॉर्बर गळतात, कॅरिअरचे बोल्ट तुटतात.

लाटा उठतात त्या चाकांमुळेच. २००७ साली फिरत्या वाळूच्या तबकावर चाक ठेवून केलेले प्रयोग 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आले. ठरावीक वेगाच्या खाली वाळू सपाट राहते, वर गेलं की लाटा उठतात. स्प्रिंग असो-नसो. त्यामुळे रस्ता पुन्हा पुन्हा सपाट केला तरी लाटा परत येतात.

उपाय: हवा २२-२४, वेग ५०-६०, तासाला एक थांबा. थांब्यावर शॉकला हाताच्या मागच्या बाजूने दुरूनच शेक घ्या, पकडू नका. चारपैकी एक गार आणि तीन तापलेले असतील तर गार असलेला शॉक गेला. तो काम करत नाही म्हणून तापत नाही.

बाभळीचा_काटा

पंक्चरचं राहिलं. आपल्याकडे मुरमाच्या रस्त्यावर दगडापेक्षा काटा जास्त. कडेची वेडी बाभूळ तोडली की फांद्या चाकोरीत येतात. काटा ठोकळ्यात घुसला तर बहुधा आत पोचत नाही. फटीत घुसला तर तिथे रबर पातळ असतं, सरळ आत. एमटीत फटीच मोठ्या, म्हणून बाहेरून राक्षसी दिसणारा टायर काट्याला एटीपेक्षा जास्त भीक घालतो.

१. काटा दिसला आणि हवा जात नसेल तर उपटू नका, दुकानापर्यंत जा. तोच बूच आहे.
२. वातीचं पंक्चर (छिद्रात रबरी वात कोंबून) फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागात, छिद्र ६ मिमीच्या आत. बाजूला वात चालत नाही, ती बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते.
३. गोल कानस घालून छिद्र घासल्याशिवाय वात ढकलू नका. वात सोल्यूशनमध्ये भिजवा, दोन टोकं अर्धा इंच बाहेर ठेवून सुई झटक्यात काढा.
४. वर थुंकी लावून बुडबुडा बघा. होय, थुंकीच. पाणी प्यायला ठेवा.
५. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला क्लिप लावणारा घ्या. डॅशबोर्डच्या सॉकेटला साधारण १५-२० अँपिअरचा फ्यूज असतो, मोठा कॉम्प्रेसर ३०पर्यंत ओढतो. इंजिन चालू ठेवा.

गळीत हंगामात, दिवाळीपासून मार्चपर्यंत, कारखान्याच्या भागात उसाच्या ट्रॉल्यांमुळे चाकोऱ्या ट्रॅक्टरच्या मापाने पडतात, गाडीच्या नाही. एक बाजू चाकोरीत, दुसरी मधल्या ढिगावर. अशा ठिकाणी साठचा हट्ट धरू नये. ट्रॉल्यांचे नट, पिना, तारांचे तुकडेही तिथेच पडतात.

जांभा

आणखी एक सूचना. ओल्या काळ्या मातीतून बाहेर आलात, माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळली, की सत्तरला स्टिअरिंग थरथरतं. लोक लगेच अलाइनमेंट, बॅलन्सिंग करून घेतात. आधी रिमच्या आत स्क्रू-ड्रायव्हरने खरवडा, पाण्याचा फवारा मारा. पाव किलोचा ढेकूळ दहा-वीस ग्रॅमच्या शिशाच्या वजनाला कधी हरवतो ते कळत नाही.

नट_बोल्ट

आणि चाक काढून बसवलं असेल तर ५० ते १०० किमीनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा, आकडा मॅन्युअलमधला. मुरमाच्या हादऱ्याने ते सुटतात. दुकानातल्या हवेच्या गनवर विसंबू नका, ती एकतर कमी आवळते नाहीतर स्टडची चुडी खाते.

शंकासुर

शेवटची शंका. टायर बदलायची वेळ कधी? झीज-खूण १.६ मिमीची असते ना?

मुरूमवाट

ती डांबरासाठी ठीक. सुट्या रेवेवर ४-५ मिमी उरली की एटीचं काम संपलं. दर ५ ते ८ हजार किमीला चाकांच्या जागा आपसात बदलल्या नाहीत तर ठोकळ्यांना करवती झीज येते, पुढची कड उंच, मागची बसलेली. हात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवत लागते. मग आवाज, मग तरंगणं. ठोकळ्यांचे कोपरे तुटून लचके निघालेले दिसले तर हवा जास्त ठेवून दगडी रस्त्यावर वेगात चालवलंय, असं समजा.

तारीखही वाचा. बाजूवर शेवटचे चार आकडे, २३२४ म्हणजे २०२४चा २३वा आठवडा. नक्षी शाबूत पण फटींच्या तळाशी बारीक भेगा दिसत असतील तर तो टायर वेगाला नको, मग ठोकळे कितीही नवे दिसोत.

गट्टू_टायर

स्टेपनीला हीच तारीख लागू. मागे उन्हात लटकलेली स्टेपनी न वापरताही म्हातारी होते. तिच्यात हवा ३५ ठेवा, लावताना इतर तिघांएवढी करा. काढणं मिनिटभराचं, भरणं कटकटीचं. आणि एमटी टाकताना चारच घेऊन स्टेपनी मूळ मापाची ठेवली असेल, तर पार्ट-टाइम गाडीत ती लावून फोर-हाय लावायचं नाही.

चाकोरीबाहेर

२८५चा बेत रद्द. दुकानदाराला २४५/७५ आर१६ एटी, पाच नग, आणि तारखेची अट सांगितली आहे. कॅलिपर १६च्या रिममध्ये बसतो का ते उद्या मोजून कळवतो.